जरा पुसून घे

८ जून

दादा,

तुझं खोकं सुखरूप पोचलं. दोन जिने चढवताना हमालाने विचारलं, आत काय आहे. गिटार म्हटलं तर तो म्हणाला, एवढी जड? वहिनींनी ती दोन रजयांत गुंडाळून सुतळीने अशी आवळली होती की सोडवता सोडवता माझी नखं गेली.

आतली चिठ्ठीही मिळाली. चिठ्ठी कसली, हुकूमच. ‘जागा नाही. तुझ्याकडे ठेव. तुझ्याकडे वस्तू टिकतात.’ ज्या माणसाने आयुष्यभर हॉटेलच्या बँडमध्ये ही एकच बास गिटार वाजवली आणि घरात कोणाला तिच्याजवळ फिरकू दिलं नाही, त्याने ती अशी रद्दीसारखी पाठवून द्यावी, हे मला काही पटलेलं नाही. फोन केला असता, पण तुला आता फोनवर ऐकू येत नाही आणि वहिनींना मधे घालून तुझ्याशी भांडण्यात मजा नाही. म्हणून पत्र.

बाहेरच्या खोलीत कपाट आणि भिंत यांच्या मधे ठेवली आहे. खाली दातांच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या कवळ्या घासून वर आले की आधी तीच दिसते. तू ती पहिल्यांदा घरी आणलीस तेव्हा मी नुसतं बोट टेकवलं तर केवढ्यांदा ओरडला होतास. अजूनही जवळ गेले की मागे वळून बघते.

तिची पेटी उघडू का?

खारूताई

१६ जून

खारूताई,

परवानगी कसली मागतेस, लॉकर आहे का तो? उघड आणि वाजव. वाद्य बंद राहिलं की लाकूड रुसतं आणि मान वाकते.

ओळख करून देतो. तारा चार. गिटार मांडीवर घेतलीस की तुझ्या नाकाजवळ येते ती सगळ्यात जाड. ती आपल्या मोठ्या काकांसारखी, बोलते कमी, पण बोलली की बाकीचे गप्प. सगळ्यात खालची बारीक, ती जरा आगाऊ. मधल्या दोघी कामसू. उजव्या हाताची दोन बोटं चालल्यासारखी आळीपाळीने टाकायची, तार ओरबाडायची नाही. डाव्या हाताने धातूच्या पट्टीच्या जरा मागे दाबायचं, पट्टीवर नाही. सोबतचा स्पीकर जोडल्याशिवाय काही ऐकू येणार नाही, पण आधी आवाजाचं बटण खाली कर आणि मग वायर लाव, नाहीतर खालच्या मजल्यावर कवळ्या नाचायला लागतील.

पहिल्यांदा ही चाल शीक. आईच्या शिवणयंत्रावरून मी बसवली होती. जाड तार मोकळी, मग तीच तिसऱ्या पट्टीवर, मग शेजारची तार मोकळी, मग परत पहिली. सुरुवात हळू, पाय बसला की सरळ शिवण. तुला यंत्र आठवत असेलच, त्याच्या खालीच बसून अभ्यास करायचीस.

माझे कान बरे आहेत. कानातल्या नव्या यंत्रातून चमचे तेवढे हातोड्यासारखे ऐकू येतात.

गिटारीवर धूळ बसली असेल. जरा पुसून घे.

दादा

३ जुलै

दादा,

तू पुसून घे म्हणालास, मी तिला न्हाऊमाखू घातलं.

इतके दिवस कसं चालवून घेतलंस रे? तारा काळ्याकुट्ट. हात लावला की बोटाला चिकटायच्या. लोकांच्या तोंडातून निघालेल्या कवळ्या बघायची मला सवय आहे, पण अशी अवस्था एकाही कवळीची पाहिलेली नाही. खालच्या बाजूला तारा जिथे अडकवल्यात तिथलं धातूचं झाकण काढलं तर आत स्पंजाचा तुकडा, पिवळा पडून कुजलेला, बोट लावलं की चुरा. तो खरवडून काढला. झाकण, खुंट्या, सगळा धातू आमच्या पॉलिशच्या चाकावर धरला. आता त्यात तोंड दिसतं.

तारा काढून नव्या घातल्या. वाद्यांच्या दुकानदाराने दोनदा विचारलं, जुन्या ठेवू का म्हणून. मी म्हटलं, काय करायच्यात, टाका. आता वाजवली की आवाज कसा घंटेसारखा खणखणीत. तू ओळखणारही नाहीस.

आणि एक कबूल करते, हसू नकोस. काम संपत आलं की मला वर यायची घाई होते. परवा एका बाईंची कवळी हातात घेऊन मी तुझी चाल गुणगुणत होते आणि दात उलटे बसवत होते. तुझी वस्तू तुझ्यापासून लांब राहते आहे आणि मी तिच्यावर खूश होते आहे, याचं मधूनच वाईट वाटतं. पण तूच वाजव म्हणालास.

खारूताई

२० जुलै

खारूताई,

पत्र मिळालं. छान केलंस. स्वच्छता हवीच. नवी तार ती नवी, तिची सर जुनीला कुठली. चाल बसते आहे हे वाचूनही छान वाटलं.

जुन्या तारा त्या दुकानदाराने टाकल्याच असतील, नाही का? सहज विचारतो. मुद्दाम जाऊ नकोस.

इकडे सगळं छान.

दादा

२१ जुलै

खारूताई,

ह्यांच्या पत्राबरोबर हेही टपालात टाकते आहे, त्यांना न सांगता. तुला लिहू की नको या विचारात भाजी करपली, तेव्हा म्हटलं लिहूनच टाकावं.

तुझं पत्र वाचून हे बराच वेळ गॅलरीत उभे होते. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, छान पत्र आहे. संसाराला इतकी वर्षं झाली, मी एक शिकले आहे. हे छान म्हणाले की काहीतरी बिनसलेलं असतं. बँडमधल्या लोकांनाही ठाऊक होतं. वाजवणं आवडलं की हे चुका काढत बसायचे आणि आवडलं नाही की छान म्हणून निघून यायचे.

त्या तारा त्यांनी मुद्दामच कधी बदलल्या नव्हत्या. त्या गुळगुळीत, चपट्या जातीच्या होत्या, आणि बोटांचा घाम, तेल, मळ त्यात मुरून तो बसका, ऊबदार आवाज आला होता. उशीवर मूठ मारल्यासारखा. स्पंजही त्यांनी स्वतः कापून घातला होता, तार झणझणू नये म्हणून. दुसऱ्या वादकांनी ती गिटार विकत मागितली होती, ती लाकडासाठी नाही, त्या आवाजासाठी.

आता दुसरं. जागा नाही हे खोटं. पलंगाखाली जागा होती. ह्यांच्या कानातले वरचे आवाज गेले, फोनची घंटा गेली, नातीचं बोलणं गेलं. बँडमधली गाणारी आणि पेटीवाला ऐकू येईनात, म्हणून वाजवताना हे मागेपुढे व्हायला लागले आणि एक दिवस स्वतःच घरी बसले. मग ती गिटार समोर बघवेना, म्हणून तुझ्याकडे पाठवली. उरलेत ते खालचे, जाड आवाज. ट्रकचे, दाराचे, लिफ्टचे. आणि त्या गिटारीचा. तुझ्याकडे येऊन एकदा शांतपणे वाजवायचं, असं त्यांच्या मनात होतं. नव्या तारांचा खणखणाट त्यांना यंत्रातून नुसता टोचेल.

तुझी चूक नाही. पुसून घे हे ह्यांनीच लिहिलं होतं, मी वाचलं आहे. पण तुला माहीत असावं. मी लिहिलं हे मात्र त्यांना कळू देऊ नकोस.

वहिनी

५ ऑगस्ट

वहिनी,

तुमचं पत्र वाचलं आणि तशीच दुकानात गेले. पायांतल्या सपाता बदलायच्या राहिल्या. दुकानदार म्हणाला, बाई, दोनदा विचारलं होतं. भंगारवाला केव्हाच घेऊन गेला होता. भंगारवाल्याकडेही गेले. तो म्हणाला, तारा म्हणजे कुठल्या, आणि एक डोंगर दाखवला.

काय केलं हो मी हे? सगळं कसं लखलखीत करून, वर त्याला कौतुकाने लिहिलं की तू ओळखणार नाहीस. तो त्या ओळी वाचून गॅलरीत उभा राहिला असेल आणि मी इकडे त्याच्याच चालीवर मान हलवत होते. आता धातूच्या झाकणात तोंड दिसतं ते बघवत नाही.

पण मी स्वस्थ बसणारी नाही. वहिनी, नव्याला जुनं दाखवणं हाच माझा धंदा आहे. कवळीचे दात पांढरेशुभ्र केले की माणूस खोटा दिसतो. म्हणून कडेला चहाच्या डागासारखी तपकिरी छटा द्यायची, एक दात किंचित वाकडा लावायचा, मग नवरासुद्धा फसतो. दुकानदाराकडून त्याच चपट्या जातीच्या तारा घेतल्या आहेत. नवा स्पंज कापून घातला. झाकणावरची चकाकी राखेने घासून मारली.

आवाजाला मात्र रंग लावता येत नाही. तारांना तेल लावून बघितलं, नुसत्या बुळबुळीत झाल्या. दुकानदार म्हणतो, त्या वाजवूनच जुन्या होतात, दुसरा रस्ता नाही. तेव्हा वाजवते आहे. सकाळी लॅब उघडायच्या आधी, जेवणाच्या सुट्टीत, संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत. लॅबमधून येताना मी हातही धूत नाही. बोटांना फोड आले, फुटले, आता कातडी घट्ट झाली आहे.

तुम्ही उशीवर मूठ मारल्यासारखा म्हणालात, त्याच्या जवळ जरा आलं आहे असं वाटतं. पुरेसं झालं की दादाला कळवीन की तारा सापडल्या. तुम्ही फक्त गप्प राहा.

खारूताई

३० ऑगस्ट

दादा,

एक गंमत. दुकानात सहज गेले होते, तर दुकानदाराने खणातून तुझ्या जुन्या तारा काढून दिल्या. टाकल्याच नव्हत्या त्याने. म्हटलं, त्या नव्या फार कर्कश वाटतात, ह्याच परत लावून द्या. स्पंजही घालून घेतला. आता पूर्वीसारखी दिसते आणि वाजतेही.

बाकी ठीक. पाऊसपाणी ठीक.

खारूताई

६ सप्टेंबर

खारूताई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तुझ्या वहिनीलाही मोठ्याने वाचून दाखवलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. तिला त्यातलं काय कळणार.

आता सांगायला हरकत नाही. तू त्या काढल्यास हे वाचलं तेव्हा मी उठून गॅलरीत गेलो होतो. तुला लिहिलं नाही, कारण तू किती हौसेने केलंस ते दिसत होतं. माझी सगळी वर्षं त्या मळात आहेत, बाई. हॉटेलातला धूर, उन्हाळ्यात टपकणारा घाम, मधल्या सुट्टीत खाल्लेल्या भज्यांचं तेल, सगळं. त्या आवाजावर डोळे मिटून टेकता यायचं. गाणारे बदलले, ढोलवाले बदलले, तो आवाज तोच.

त्या दुकानदाराला माझा नमस्कार सांग. त्याच्यासाठी काहीतरी आणीन.

ऑक्टोबरच्या मध्याला येतो. वहिनीला नातीकडे राहावं लागेल, मी एकटाच. येईपर्यंत वाजवत राहा.

दादा

२२ ऑक्टोबर

वहिनी,

दादा काल सकाळच्या बसने निघाला, एव्हाना घरी पोचून दमलाही असेल. तो काय सांगतो आहे ते मला कळवा. इकडे काय झालं ते मी सांगते.

आल्याबरोबर त्याने चहासुद्धा घेतला नाही. पेटी उघडली आणि थोडा वेळ नुसता बघत राहिला. मी दारात उभी होते. मग मांडीवर घेतली, स्पीकरला चिकटून बसला आणि वाजवायला लागला. बोटं कशी चालतात हो त्याची अजून. मी रोज जे ठोकत होते तीच ही गिटार आहे यावर विश्वास बसेना. बराच वेळ वाजवून थांबला आणि म्हणाला, छान. अगदी तोच आवाज.

छान म्हणाला, वहिनी. तुम्ही सांगितलेलं लगेच आठवलं. पण तो हसत होता. दुकानदारासाठी बिस्किटांचा डबा आणला होता, तो द्यायला स्वतः जातो म्हणाला, तर मी दुकान आज बंद असतं म्हणून आणखी एक थाप मारली. डबा माझ्या टेबलावर आहे. उघडवत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने गिटार माझ्या हातात दिली आणि म्हणाला, आता तू वाजव, शिवणयंत्र. मला वाटलं, लांबून ऐकलं की ह्याला फरक कळणार. वाजवताना मन आवाजाकडे नसतं, ऐकताना असतं. मी म्हटलं, मला अजून येत नाही. तो म्हणाला, येईल तेवढं. मी म्हटलं, हात दुखतो आहे. पुन्हा विचारलं नाही त्याने. निघताना लहानपणी घ्यायचा तसा माझा हात हातात घेतला आणि बोटांच्या टोकांवरून अंगठा फिरवला. 

मी सुटले म्हणायला हवं. पण बस गेल्यावर थांब्यावरच बसून राहिले. माझ्याकडे येऊन त्याने एकच गोष्ट मागितली आणि पकडली जाईन म्हणून मी ती दिली नाही.

खारूताई

२९ ऑक्टोबर

खारूताई,

त्या तारा माझ्या नाहीत.

पेटी उघडली तेव्हाच कळलं. माझ्या तारांच्या शेवटी, खुंटीजवळ, लाल रेशमी दोरा गुंडाळलेला होता. फिका पडून गुलाबी झालेला. तुझ्या तारांना हिरवा आहे. जुना दिसावा म्हणून तू त्याला चहाही पाजलास, पण हिरवा तो हिरवाच. तुझ्या वहिनीने चुगली केलेली नाही. तिला खोटं बोलता येत नाही, म्हणून तारांचा विषय निघाला की ती स्वयंपाकघरात जायची. तिथे एवढं काम कधीच नसतं.

तुला रागावायला लिहीत नाही. उलट मला रात्रंदिवस खातं आहे ते वेगळंच. पुसून घे, हे मी लिहिलं. पुढे एक ओळ लिहायची होती, तारांना हात लावू नकोस म्हणून. पेन उचललंही होतं. पण तसं लिहिलं असतं तर कबूल झालं असतं की मला ती परत हवी आहे. मी तर टाकून दिल्याचा आव आणला होता. माझ्या आखडूपणापायी तू बोटं सोलून घेतलीस. तुझ्या बोटांवरून अंगठा फिरवला तेव्हा कळलं. तेवढी घट्ट कातडी माझी पहिल्या दोन वर्षांत झाली नव्हती.

आणि मीही खोटं बोललो. तोच आवाज, असं म्हणालो ना? मला धड ऐकूच आला नाही. जाड तारेचं काहीतरी पोटात जाणवलं, बाकी आठवणीने वाजवलं. डॉक्टर म्हणतात, खालचे आवाजही आता उतरणीला लागले आहेत. लिफ्ट मला आता ऐकू येत नाही, पायांना कळते. काही आठवडे चांगले असतात, काही अगदीच सपाट.

गिटार बघायला मी आलो नव्हतो. तुला ऐकायला आलो होतो. ऐकू येतं आहे तोवर.

दादा

३ नोव्हेंबर

दादा,

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, तर राहिलेलं एवढंही सांगते.

तारांचं मी नंतर नंतर विसरले होते. तुला फसवायला म्हणून वाजवायला लागले, पण सप्टेंबरात केव्हातरी एका संध्याकाळी तुझी चाल सलग बसली. जाड तार पोटापाशी गुरगुरली आणि मला एवढा आनंद झाला की तू, तुझे कान, ते भंगार, काही आठवलं नाही. आठवलं तेव्हा जेवण गेलं नाही. तुझ्याकडून जे जातं आहे ते माझ्याकडे येतं आहे आणि मला ते हवं आहे. याला काय करायचं ते मला कळत नाही. म्हणूनही वाजवलं नाही तुझ्यासमोर. मी खूश आहे हे तुला दिसलं असतं.

रविवारी सकाळच्या बसने येते. गिटार घेऊन, स्पीकर घेऊन. बिस्किटांचा डबाही आणते, तो तुम्हीच संपवा. वहिनींना म्हणावं, खालच्या शेजाऱ्यांना सांगून ठेवा, आवाजाचं बटण मी पार शेवटपर्यंत फिरवणार आहे. तू स्पीकरला पाठ टेकून बस नाहीतर त्याच्यावर बस.

आठवडा सपाट निघाला तर तसं सांग. पण माझं मन राखायला छान म्हणू नकोस. तेवढं मला सोसणार नाही.

खारूताई

११ नोव्हेंबर

खारूताई,

परवा तू निघताना विचारलंस, काही आलं का ऐकू. मी उत्तर दिलं नाही आणि तू जिन्यात डोळे पुसलेस, असं तुझी वहिनी सांगते. अगं, मी मनात तुझ्या चुका मोजत होतो. आज यादी जुळली, म्हणून लिहितो.

जाड तार सोडल्यावर ती घुमत ठेवतेस. दुसऱ्या हाताने लगेच झाक, नाहीतर पुढच्या सुरावर तिची सावली पडते. तिसऱ्या पट्टीवर बोट उशिरा पोचतं, मनगट खाली घे. मधे एकदा उजव्या हाताचं एकच बोट सलग दोनदा टाकलंस. दमली होतीस, पण कळतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तुला थांबता येत नाही. सरळ शिवण संपली की आई पाय उचलायची, सुई कापडात तशीच ठेवून कापड वळवायची आणि मग पुढे निघायची. चालीत ती जागा आहे. तू प्रत्येक वेळी ती खाऊन टाकलीस.

पुढच्या रविवारी पुन्हा ये. तारा बदलू नकोस.

दादा